देवळालीचा ताप



इंग्रजी भाषेने जगभरातून शब्द गोळा केले आहेत. त्यांपैकी एक शब्द नाशिक जिल्ह्यातला आहे. इंग्लंडमध्ये एखादा माणूस विक्षिप्तपणे वागू लागला, की तो 'डुलाली' झाला असे म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे ठाऊक नसते, की ही 'डुलाली' म्हणजे नाशिकजवळची आपली देवळाली. पूर्वी हा शब्दप्रयोग 'डुलाली टॅप' असा होता. त्यातला 'टॅप' म्हणजे नळ नव्हे. तो आपला साधा 'ताप' आहे. गोऱ्या शिपायांच्या तोंडी 'देवळालीचा ताप' म्हणजे डोके फिरणे.

एखाद्या गावाचे नाव परक्या भाषेत वेडाचा समानार्थी शब्द व्हावे, हे त्या गावाला भूषणावह नाही. पण देवळालीचा यात काही दोष नव्हता. उलट, तेथली हवा इतकी चांगली, की मुंबईची माणसे आजारातून उठल्यावर हवापालटासाठी देवळालीला येत आणि आरोग्यभुवनांत राहत. ज्या हवेने मुंबईकर सुधारत, त्याच हवेत गोरे शिपाई का बिघडत? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, तर आपण थेट मानसशास्त्राच्या एका महत्त्वाच्या प्रकरणापर्यंत जाऊन पोहोचतो.

देवळालीला १८६१ साली इंग्रजांनी लष्करी तळ उभारला. विलायतेहून नव्याने आलेले शिपाई येथे उतरत, आणि नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाण्यापूर्वी येथे थांबत. सैनिकांना नेणाऱ्या बोटी मात्र साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. ज्याची मुदत मार्च उलटल्यावर संपली, त्याला पुढच्या हंगामापर्यंत महिनोन् महिने देवळालीत बसून राहावे लागे. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका साध्या शिपायाने आपल्या आठवणी लिहिल्या आहेत. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकात तो सांगतो, की पलटणीत असताना ज्यांच्या वर्तनावर एकही डाग नव्हता, अशी माणसे या मुक्कामात बिघडत, भांडत, तुरुंगात जात.

आता याकडे जरा शास्त्राच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहा. माणूस तोच. देश तोच. ऊन, पाऊस, डास, सारे तेच. मग बदलले काय? पहिली गोष्ट, हाताला काम उरले नाही. दुसरी, ज्या सोबत्यांबरोबर तो वर्षानुवर्षे जेवला, झोपला आणि लढला, ते मागे पलटणीतच राहिले. देवळालीत त्याच्या शेजारच्या खाटेवर अनोळखी माणूस होता. तिसरी, घर समोर दिसत होते, पण तेथे पोहोचता येत नव्हते. हा काही प्रयोगशाळेत मोजून-मापून केलेला प्रयोग नव्हता. हिवताप आणि दारू यांचाही त्यात वाटा असणारच. तरीही एक गोष्ट नजरेत भरते. रणांगणावर तगलेली माणसे रणांगणापासून दूर, सुरक्षित जागी ढासळली.

माझे म्हणणे पहिल्यानेच मांडतो. सैनिकाच्या मनाला होणारी जखम ही खरीखुरी जखम असते, तो भित्रेपणा नव्हे. ती भरून यायला तज्ज्ञ डॉक्टर तर लागतोच, पण तो वर्षानुवर्षे एका जागी टिकून राहणारा डॉक्टर लागतो. आणि त्या डॉक्टरइतकेच तुम्ही-आम्हीही लागतो. हे तिन्ही मुद्दे आपण क्रमाने तपासून पाहू.

तोफगोळ्याचा धक्का

देवळालीला आज आपल्या लष्कराचे तोफखाना विद्यालय आहे. फाळणीनंतर ते काकूलहून येथे आले. नाशिक रोडला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे. सरावाच्या वेळी दूरवरून येणारा तोफांचा गडगडाट नाशिककरांना नवा नाही. योगायोग असा, की सैनिकाच्या मनोविकाराला शास्त्राने दिलेले पहिले गाजलेले नावही तोफेवरूनच पडले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. खंदकांत बसलेल्या सैनिकांवर दिवसरात्र तोफगोळे कोसळत. काही महिन्यांतच इस्पितळांत विचित्र रोगी येऊ लागले. अंगावर ओरखडाही नाही, पण डोळ्यांना दिसत नाही. जीभ शाबूत, पण वाचा गेलेली. पाय धडधाकट, पण उभे राहता येत नाही. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशा तीन रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली आणि तीत 'शेल शॉक', म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, हा शब्द छापून आला. गोळा जवळ फुटल्यामुळे मेंदूला हादरा बसत असावा, अशी ती प्रारंभीची कल्पना होती.

पण लौकरच एक अडचण उभी राहिली. ज्यांच्याजवळ एकही गोळा फुटला नव्हता, अशा सैनिकांतही हीच लक्षणे दिसू लागली. म्हणजे केवळ हवेच्या दाबाने होणारा हा आजार नव्हे. स्वतः मायर्सलाच तो शब्द नकोसा झाला. शास्त्रात असे पुष्कळदा घडते. नाव पडते, रुळते, आणि मग ते चुकीचे असल्याचे कळते.

लष्करातील पुष्कळ अधिकाऱ्यांना मात्र यात आजार दिसतच नव्हता. त्यांना त्यात फक्त कामचुकारपणा आणि भित्रेपणा दिसे. त्या युद्धात पळून जाणे, भ्याडपणा अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटिश लष्कराने आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांपैकी ३०६ जणांना ब्रिटिश सरकारने २००६ साली, म्हणजे सुमारे ९० वर्षांनी, क्षमा केली. त्यांतले किती जण मनाने आजारी होते हे आता कोण मोजणार? रोगाचे निदान चुकले तर रोगी दगावतो, हे आपण जाणतो. येथे तर निदान करण्याचे नाकारल्यामुळे माणसे भिंतीशी उभी केली गेली.

ऐकणारा डॉक्टर

त्याच काळात स्कॉटलंडमधील एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात डॉ. विल्यम रिव्हर्स काम करीत होते. हे गृहस्थ मोठे विलक्षण. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ते आपल्या निलगिरीच्या डोंगरांत येऊन राहिले होते. तेथील तोडा लोकांवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९०६ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा दुसरा एक प्रयोग शास्त्राच्या इतिहासात नोंदला गेला आहे. हेन्री हेड या त्यांच्या डॉक्टर मित्राने १९०३ साली स्वतःच्या हाताचा मज्जातंतू मुद्दाम कापून घेतला. तो पुन्हा जोडला जाताना संवेदना कोणत्या क्रमाने परत येतात, हे या दोघांना पाहायचे होते. रिव्हर्स सुई, कापूस, गरम-गार पाणी घेऊन हेडच्या हाताची तपासणी करीत. चार वर्षे हे चालले! तुटलेला मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर एवढ्या संथ गतीने वाढतो. त्याच्यामागे धावून उपयोग नसतो; बसून वाट पाहावी लागते.

हीच चिकाटी रिव्हर्स यांनी सैनिकांच्या मनाबाबत दाखवली. त्या काळी काही डॉक्टर वाचा गेलेल्या शिपायाच्या घशाला विजेचे झटके देऊन त्याला बोलायला लावीत. रिव्हर्स तसे करीत नसत. ते ऐकत. नातेवाईक आणि इतर डॉक्टर सैनिकाला 'विसरून जा, दुसऱ्या गोष्टींत मन रमव' असे सांगत, आणि रिव्हर्स यांना नेमके हेच चुकीचे वाटे. दिवसा दडपून ठेवलेली आठवण रात्री स्वप्नात येऊन छातीवर बसते, असे त्यांना दिसून आले. ती आठवण दिवसाच्या उजेडात, विश्वासू माणसापुढे बोलून टाकली, तर तिची धार हळूहळू बोथट होते. हा अनुभव त्यांनी १९१८ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडला.

रिव्हर्स यांच्यापुढे एक नैतिक पेच मात्र कायम होता, आणि तो तुम्ही नीट समजून घ्यावा. ते लष्कराचे डॉक्टर होते. रोगी बरा झाला की त्याला पुन्हा खंदकात पाठवायचे, ही त्यांची नोकरी होती. माणसाला बरे करायचे ते पुन्हा त्याच आगीत टाकण्यासाठी काय? शास्त्राला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. पण शास्त्रज्ञाला तो टाळताही येत नाही.

मेंदूत काय घडते?

तुम्ही म्हणाल, हे सारे मनाचे खेळ झाले. यात शास्त्र कोठे आहे? आहे, आणि भरपूर आहे.

अंधारात पायाजवळ काही सळसळले की तुम्ही आधी उडी मारता. साप होता की दोरी, हे नंतर पाहता. मेंदूच्या आत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग आहे. त्याला अमिग्डला म्हणतात. तो घरच्या राखणदार कुत्र्यासारखा असतो. त्याने भुंकायला सुरुवात केली की मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन रक्तात उतरते. हृदय जोराने धडधडते, श्वास वाढतो, रक्त स्नायूंकडे धावते. 'लढा किंवा पळा' यासाठी शरीराची ही तयारी असते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने हे सारे तपशिलाने मांडले, तेही १९१५ सालीच.

युद्धात हा राखणदार महिनोन् महिने जागा असतो, आणि तो जागा असतो म्हणूनच सैनिक जिवंत राहतो. अडचण येते ती घरी परतल्यावर. धोका संपला, ही बातमी काही जणांच्या राखणदारापर्यंत पोहोचतच नाही. पावलोव्हच्या कुत्र्याचा प्रयोग तुम्ही वाचला असेल. घंटा आणि अन्न यांची सांगड बसली, की पुढे नुसत्या घंटेने तोंडाला पाणी सुटते. तशीच येथे मोठा आवाज आणि मृत्यू यांची सांगड बसलेली असते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गल्लीत सुतळी बॉम्ब फुटला, की पोरे टाळ्या पिटतात. आणि ओसरीवर बसलेला एखादा माजी सैनिक घामाने भिजतो. त्याची बुद्धी त्याला सांगत असते, की ही दिवाळी आहे. पण बुद्धीचे म्हणणे अमिग्डलापर्यंत पोहोचण्याआधीच शरीराने काम सुरू केलेले असते. याला भित्रेपणा म्हणायचे असेल, तर डोळ्यांत धूळ गेल्यावर पापण्या मिटणाऱ्यालाही भित्रा म्हणावे लागेल.

या विकाराची खूण केवळ दचकणे एवढीच नाही. त्याच त्या प्रसंगाची स्वप्ने पडतात. जागेपणीही तो प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा घडतो. त्याची आठवण करून देणाऱ्या जागा आणि माणसे टाळली जातात. झोप लागत नाही, संताप अनावर होतो, जवळच्या माणसांविषयीही मन बधिर होते. १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत यादीत या लक्षणसमूहाची नोंद केली. 'आघातोत्तर ताण-विकार' असे त्याला मराठीत म्हणता येईल. इंग्रजी आद्याक्षरांनी तो 'पीटीएसडी' म्हणून ओळखला जातो. पूर, भूकंप, अपघात, अत्याचार यांतून गेलेल्या माणसांनाही तो होतो. युद्धावर गेलेल्या प्रत्येकाला तो होतो असे मात्र मुळीच नाही. बहुसंख्य सैनिक परत येऊन नीट संसार करतात, शेती करतात, शाळेत शिकवतात. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर एका गैरसमजाच्या जागी दुसरा येऊन बसेल.

उपाय कसा होतो? भीतीचा ठसा पुसून टाकता येत नाही. पण त्याच्यावर दुसरा ठसा उमटवता येतो. सुरक्षित जागी, तज्ज्ञ माणसाच्या सोबतीने, रोगी त्या आठवणीला पुन्हा पुन्हा सामोरा जातो, आणि दर वेळी काहीही वाईट घडत नाही. हळूहळू राखणदाराला नवी गोष्ट शिकता येते. काही औषधांचीही मदत होते. रिव्हर्स यांना जे अंदाजाने उमगले होते, ते पुढे पद्धतशीर चाचण्यांनी पडताळून पाहिले गेले. एक इशाराही त्या चाचण्यांनी दिला. प्रसंग घडताच माणसाला एकदाच बसवून सक्तीने सारे बोलायला लावले, तर त्याने विकार टळत नाही. म्हणजे बोलणे औषध खरे, पण ते केव्हा आणि किती घ्यायचे, हे रोग्याच्या कलाने ठरते.

आणि मायर्सच्या पहिल्या कल्पनेचे काय झाले? तिलाही शंभर वर्षांनी थोडा न्याय मिळाला. २०१६ साली डॅनियल पर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फोटांच्या जवळ राहिलेल्या सैनिकांचे मेंदू मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. मेंदूचे वेगवेगळे भाग जेथे एकमेकांना भिडतात, तेथे त्यांना एका विशिष्ट प्रकारचे व्रण आढळले. म्हणजे काही सैनिकांत मनाचा आघात आणि मेंदूचा हादरा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात. 'हे सगळे डोक्यातले आहे' असे कोणी हिणवून म्हटले, तर त्याला सांगावे, की होय, अगदी अक्षरशः.

वीस वर्षे एका खुर्चीत

आता एका अशा डॉक्टरविषयी सांगतो, की ज्यांनी आपल्या आयुष्याची सुमारे वीस वर्षे माजी सैनिकांसाठी दिली. डॉ. जोनाथन शे हे मुळात मेंदूचे संशोधक. वयाच्या चाळिशीत त्यांना स्वतःलाच पक्षाघाताचा झटका आला. त्यातून उठताना त्यांनी ग्रीकांची जुनी महाकाव्ये वाचून काढली. पुढे ते बॉस्टन शहरातील माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले सैनिक त्यांच्यापुढे बसत आणि आपली कहाणी सांगत. ऐकता ऐकता शे यांच्या लक्षात आले, की ही कहाणी आपण वाचलेली आहे. अकिलीस या ग्रीक वीराची कहाणी हीच! सेनापतीने केलेला अन्याय, जिवलग मित्राचा मृत्यू, आणि मग माणुसकीच्या सर्व मर्यादा ओलांडणारा संताप. १९९४ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले, आणि २००२ साली दुसरे. दुसऱ्याचा विषय होता युद्धावरून घरी परतण्याचा बिकट प्रवास.

शे यांनी दोन गोष्टी ठासून सांगितल्या. एक अशी, की सैनिकाची जखम केवळ भीतीची नसते. जे योग्य आहे त्याचाच, ज्याच्यावर विश्वास टाकला त्या वरिष्ठाने, जीवन-मरणाच्या क्षणी विश्वासघात केला, तर होणारी जखम निराळी असते. तिला त्यांनी 'नैतिक जखम' म्हटले. आपल्या हातून घडलेल्या कृत्यामुळेही ती होऊ शकते, असे पुढे इतरांनी दाखवले. भीतीवरचा उपाय हिला पुरा पडत नाही. दुसरी गोष्ट सोबत्यांची. व्हिएतनामला अमेरिकेने सैनिक बहुधा एकेकटे पाठवले आणि वर्षभराची मुदत संपली की एकेकटेच परत आणले. आज जंगलात लढणारा माणूस विमानाने दोन-चार दिवसांत आपल्या घराच्या दारात! वाटेत बोलायला ओळखीचा एक माणूस नाही. सैनिकांना एकत्र शिकवा, एकत्र पाठवा, एकत्र परत आणा, असे शे लष्करी अधिकाऱ्यांना सांगत राहिले.

देवळाली आठवली ना? नोकरीची मुदत संपलेला, सोबत्यांपासून तुटलेला, घराच्या वाटेवर एकटा पडलेला शिपाई. काळ वेगळा, देश वेगळा, पण दुखणे तेच.

आपल्या महाभारताला हे सारे ठाऊक होते. युद्ध जिंकल्यावर शांतिपर्वाच्या आरंभी युधिष्ठिर आनंदाने सिंहासनावर बसत नाही. त्याला राज्य नकोसे झाले आहे. आप्तांना मारल्याचा शोक त्याला जाळतो आहे. भाऊ, द्रौपदी, व्यास, कृष्ण हे सारे त्याच्याशी बोलत राहतात आणि शेवटी शरपंजरी भीष्मापुढे त्याला बसवतात. एका राजाचे मन सावरायला केवढी माणसे लागली आणि किती काळ लागला, ते पाहा. आणि दुसरीकडे अश्वत्थामा. बापाला कपटाने मारले म्हणून पेटलेला, झोपलेल्या छावणीवर रात्री तुटून पडलेला. त्याच्या वाट्याला कोणाचेच बोलणे आले नाही. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातील अस्तंबा शिखराशी त्याचे नाव जोडलेले आहे आणि दिवाळीच्या सुमारास तेथे यात्रा भरते. कपाळावरच्या न भरणाऱ्या जखमेसाठी तेल मागत तो रानोमाळ हिंडतो, असे लोक सांगतात. कथेकडे इतिहास म्हणून पाहू नका. पण माणसांतून तोडलेल्या योद्ध्याची जखम भरत नाही, हे निरीक्षण किती नेमके आहे!

डॉक्टर बदलून चालत नाही

या सगळ्यातून मी जो निष्कर्ष काढतो, तो असा. हाड मोडले तर आज एका डॉक्टरने बसवावे आणि सहा आठवड्यांनी दुसऱ्याने प्लॅस्टर कापावे, बिघडत नाही. मनाचे तसे नाही. ज्याचा विश्वासच मोडला आहे, तो माणूस पहिल्या भेटीत फक्त 'झोप येत नाही' एवढेच सांगतो. दहाव्या भेटीत तो दारूविषयी बोलतो. कदाचित तिसऱ्या वर्षी तो त्या रात्रीविषयी बोलतो. मधल्या काळात डॉक्टर तीनदा बदलले, तर तिन्ही वेळा तो पुन्हा झोपेपासून सुरुवात करील, आणि चौथ्यांदा येणारच नाही. म्हणून अशा कामात दीर्घ काळ एकाच जागी राहणे ही डॉक्टरची नुसती चिकाटी नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे.

आपल्याकडे या दिशेने काही पावले पडली आहेत. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १९४८ सालापासून लष्करासाठी डॉक्टर तयार करीत आहे. माजी सैनिकांसाठी २००३ साली अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. २०२२ साली 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर कोणालाही मराठीत बोलता येते. २०२३ च्या डिसेंबरात सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठी तिचा एक खास कक्ष पुण्याच्या याच महाविद्यालयात उघडला गेला. हे चांगलेच झाले. पण दूरध्वनी हे दार आहे, घर नव्हे. दारातून आत आल्यावर ओळखीचा चेहरा लागतो. महाराष्ट्राची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. चांदवडच्या किंवा कळवणच्या माजी सैनिकाने तेथवर जावे, अशी अपेक्षा धरणे व्यवहार्य नाही. ज्या जिल्ह्यात तोफखान्याची दोन मोठी केंद्रे आहेत, त्या जिल्ह्यात माजी सैनिकांची मने जाणणारे, बदलीच्या चक्रात न अडकणारे तज्ज्ञ असायलाच हवेत. हे माझे मत आहे आणि ते मी ठामपणे मांडतो.

याला घाईचे आणखी एक कारण आहे. आपला जवान बहुधा चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. पण अग्निपथ योजना २०२२ साली जाहीर झाली तेव्हा ठरल्याप्रमाणे अग्निवीराची मुदत चार वर्षांची असून, त्यांपैकी २५ टक्क्यांपर्यंतच जवान पुढे नोकरीत राहतात. म्हणजे पंचविशीच्या आतबाहेरचे, सोबत्यांपासून सुटलेले, पुढे काय करावे या विचारात पडलेले तरुण मोठ्या संख्येने गावोगाव परततील. ते सारे आजारी असतील असे नव्हे. पण त्यांच्यासाठी प्रत्येक गाव देवळालीचा तळ होऊ नये, याची काळजी आताच घ्यायला हवी.

तुमचा वाटा

'यात आम्ही विद्यार्थी काय करणार?' असे तुम्ही विचाराल. पुष्कळ करता येईल.

पहिली गोष्ट भाषेची. 'वेडा', 'सर्किट', 'डोक्यावर परिणाम झालाय' हे शब्द माणसाचे दार बंद करतात. मराठीत 'धसका घेणे' असा किती समंजस शब्दप्रयोग आहे! धसका घेतलेल्याला कोणी भित्रा म्हणत नाही, त्याला जपतात. इंग्रजीने देवळालीच्या नावाने चेष्टेचा शब्द केला. आपण निदान आपल्या भाषेत तरी ती चूक करू नये.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. घरी किंवा शेजारी कोणी माजी सैनिक असेल, तर त्यांना 'तुम्ही किती शत्रू मारले?' असे कधीही विचारू नका. सिनेमाला हा प्रश्न शोभतो, माणसाला नाही. 'तुमच्याबरोबर कोण कोण होते?' असे विचारा. सोबत्यांची नावे घेताना कित्येकांचा चेहरा उजळतो. ते बोलले तर मध्ये न तोडता ऐका. नाही बोलले, तर आग्रह धरू नका. तुम्ही डॉक्टर नाही, आणि डॉक्टर होण्याचा प्रयत्नही करायचा नाही. पण त्यांच्या जगण्यात कोणाला तरी रस आहे, एवढे त्यांना कळले तरी पुष्कळ झाले. आणि एखाद्याच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर ते गुपित म्हणून पोटात ठेवू नका. ताबडतोब मोठ्या माणसांना सांगा, आणि १४४१६ हा क्रमांक त्यांना द्या.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. ध्वजवंदनाला आपण माजी सैनिकांना बोलावतो, हार घालतो, टाळ्या वाजवतो आणि अर्ध्या तासात निरोप देतो. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी गोळा करतो. हे जरूर करावे. पण शाळेतील कवायत, बागकाम, यंत्रांची देखभाल, डोंगरावरची सहल अशा कामांत त्यांना वर्षभर सहभागी करून घेता आले तर? ज्याचे हात रिकामे आणि सोबत तुटलेली, त्याला काम आणि सोबत ही दोन्ही शाळेइतकी दुसरे कोण देऊ शकेल? आणि विज्ञानाच्या तासाला हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड जसे शिकवतो, तसे भीतीचे शरीरशास्त्रही शिकवावे. भीती कशी चालते हे ज्या मुलाला कळले, ते मूल पुन्हा कोणाला भित्रा म्हणायला धजणार नाही.

आणि तुमच्यापैकी ज्यांना डॉक्टर व्हायचे आहे, त्यांना शेवटचे एक सांगतो. शल्यविशारद व्हायचे स्वप्न जरूर पाहा. पण मेंदूच्या त्या बदामाएवढ्या भागाचाही विचार करा. तेथे चाकू चालत नाही. तेथे लागते ती एक खुर्ची, दोन कान, आणि वीस-पंचवीस वर्षे तेथून न उठण्याची तयारी. नाशिकसारख्या जिल्ह्यात अशा खुर्च्या अजून भरायच्या आहेत. त्यांतली एखादी तुमच्यासाठी असेल.